गुप्तदान आणि गुप्त देणगी

दान गुप्त असावे, ही शिकवण लोकमानसात इतकी खोल रुजलेली आहे की, देणाऱ्याने आपले नाव झाकले म्हणजे त्याच्या हेतूविषयी शंका घ्यायला जागा उरत नाही, असे सहसा मानले जाते. देवळाच्या दानपेटीत पडलेली नोट कोणाची, हे कोणी विचारत नाही; आणि देणगीदारांच्या यादीत 'एक सद्गृहस्थ' एवढीच नोंद दिसली तर वाचणाऱ्याच्या मनातला आदर वाढतो. २०१७ च्या वित्त कायद्याने राजकीय पक्षांना निवडणूक रोख्यांद्वारे मिळणाऱ्या देणग्यांवरही अशाच निनावीपणाचे आवरण घातले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते एकमताने घटनाबाह्य ठरवले. कायद्याच्या अंगाने या निर्णयाची पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचाराचा आणि नीतिशास्त्राचाही एक प्रश्न आहे. जी गुप्तता दानात सद्गुण ठरते, तीच सत्ताधाऱ्याला दिलेल्या देणगीत दोष का ठरावी? संपत्ती, सत्ता आणि विषमता यांचे नाते नेमके कोठे बिघडते, हे या प्रश्नाच्या उत्तरातून स्पष्ट होते, म्हणून तो स्वतंत्र विचाराला पात्र आहे.

धर्मशास्त्राने दानाची व्याख्या फार नेमकेपणाने केली आहे. एखाद्या वस्तूवरचा आपला स्वामित्वहक्क पूर्णपणे सोडणे आणि त्या वस्तूवर दुसऱ्याचा हक्क निर्माण करणे, या दोन क्रिया एकत्र घडल्या तरच दान झाले असे शास्त्रकार मानतात. वस्तू हातातून गेली पण तिच्यावरचा, किंवा ती घेणाऱ्यावरचा, हक्क मनात शिल्लक राहिला तर दान अपुरे राहते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात दानविषयक वचनांचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, त्यात स्मृतिकार देवलाने सांगितलेली दानाची सहा अंगे येतात: देणारा, घेणारा, श्रद्धा, न्यायाने मिळवलेली देय वस्तू, योग्य स्थळ आणि योग्य काळ. या सहांमध्ये घेणाऱ्याच्या पात्रतेला आणि वस्तूच्या शुद्धतेला देणाऱ्याच्या औदार्याइतकेच महत्त्व आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे; कारण केवळ 'दिले' म्हणून पुण्य लागते असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात हाच विचार सात्त्विक, राजस आणि तामस या तीन गुणांच्या आधारे मांडलेला आहे. जो परतफेड करू शकत नाही अशा योग्य व्यक्तीला, केवळ देणे हे कर्तव्य आहे या भावनेने दिलेले ते सात्त्विक दान. प्रत्युपकाराच्या अपेक्षेने, फळावर नजर ठेवून किंवा जड मनाने दिलेले ते राजस. आणि अयोग्य स्थळी, अयोग्य व्यक्तीला, अनादराने दिलेले ते तामस. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये या अध्यायावर भाष्य करताना राजस दान समजावून सांगण्यासाठी घरगुती दाखले घेतले: दुभत्यावर लक्ष ठेवून गाईला चारा घालणे, आहेरावर डोळा ठेवून सोयऱ्यांना आमंत्रण देणे. या दाखल्यांतील मर्म असे की, चारा घालण्यात किंवा आमंत्रण देण्यात वाईट काहीच नाही. त्या क्रियांना 'दान' म्हणणे मात्र चूक आहे, कारण त्या मुळात व्यवहार आहेत. ज्ञानेश्वरांचा हा विवेक राजकीय देणगीला लावला तर पहिली गोष्ट ही दिसते की, सत्ताधारी पक्ष किंवा उद्या सत्तेवर येऊ शकणारा पक्ष हा परतफेड करण्यास समाजात सर्वांत समर्थ असा घटक असतो. तो परवाने देतो, निविदा काढतो, कर ठरवतो, जमिनी वाटतो आणि तपास यंत्रणा हाताळतो. अशा समर्थाला दिलेली मोठी रक्कम सात्त्विक असू शकेल, ही शक्यता गीतेच्या कसोटीवर अत्यंत क्षीण ठरते.

आता गुप्ततेचा विचार करता येईल. दान गुप्त असावे, हा आग्रह एकट्या हिंदू परंपरेचा नाही. येशूने डोंगरावरील प्रवचनात उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देण्याचा उपदेश केला. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत उघड दान चांगले, परंतु गरिबांना गुपचूप दिलेले अधिक चांगले, असे सांगितले आहे. आणि बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगताना, देणारा आणि घेणारा एकमेकांस अज्ञात असलेल्या दानाला फार वरचे स्थान दिले, तर त्याहूनही वरचे स्थान माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या साहाय्याला दिले. इतक्या वेगवेगळ्या परंपरा एकाच निष्कर्षाला येतात, याचे कारण त्या सर्वांनी एकच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवला आहे: देणारा सबळ आहे आणि घेणारा दुर्बळ आहे. सबळाच्या नावाची वाच्यता झाली तर त्याचा अहंकार वाढतो आणि दुर्बळाची मान खाली जाते. कोणी दिले हे घेणाऱ्याला कळलेच नाही, तर तो कोणाचा मिंधा होत नाही. गुप्ततेचे नैतिक मूल्य असे आहे. ती दुर्बळाला सबळाच्या वर्चस्वापासून वाचवते.

निवडणूक रोख्यांच्या योजनेत गुप्ततेची दिशा नेमकी उलटी होती. २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झालेल्या या योजनेनुसार भारतीय स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतच्या मूल्याचे रोखे घेता येत, त्यांवर विकत घेणाऱ्याचे नाव नसे, आणि पंधरा दिवसांच्या आत ते पक्षाच्या खात्यात जमा करावे लागत. पक्षाने या देणग्यांचा तपशील निवडणूक आयोगाला देण्याची आवश्यकता नव्हती, आणि कंपनीने आपल्या हिशेबात कोणत्या पक्षाला पैसे दिले हे सांगण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले. त्याच वेळी, कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी, ही २०१३ च्या कंपनी कायद्यातील मर्यादाही रद्द झाली; म्हणजे तोट्यातील कंपनीलाही हवी तेवढी रक्कम देण्याची मोकळीक मिळाली. देणाऱ्याला आपला रोखा पक्षाच्या प्रतिनिधीच्या हाती स्वतः ठेवण्यास कोणतीही आडकाठी नसल्यामुळे घेणाऱ्याला देणारा कळण्याचा मार्ग पूर्ण मोकळा होता. ज्याला ते कधीच कळणार नव्हते तो होता सामान्य मतदार. गुप्तदानात घेणारा अंधारात असतो आणि म्हणून मुक्त राहतो. येथे घेणाऱ्याला सर्व ठाऊक असू शकत होते आणि ज्याच्या वतीने सत्ता चालवायची ते लोक तेवढे अंधारात होते. गुप्तदानाची बाह्य खूण तेवढी येथे उचललेली होती आणि त्या खुणेचा अर्थ मात्र हरवलेला होता.

रोखा हा शब्दही येथे विचार करण्याजोगा आहे, कारण मराठी प्रदेशाच्या स्मृतीत रोखा म्हणजे मुख्यतः कर्जरोखा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उठाव सुरू झाला आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, त्यात जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या घरातील कर्जाच्या कागदपत्रांवर होता. ती कागदपत्रे हस्तगत करून जाळणे हे उद्दिष्ट होते. आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू सावकाराचे धान्य किंवा दागिने नसून तो कागद आहे, हे त्या शेतकऱ्यांना अचूक उमगले होते. त्याच्याही दोनशे वर्षे आधीची, तुकारामांच्या चरित्रात सांगितली जाणारी कथा हेच सत्य दुसऱ्या टोकाने दाखवते. सावकारी घरात जन्मलेल्या तुकारामांनी कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यांनी ऋणकोंना नवे काही दिले नाही, तरीही हे दान अपूर्व मानले जाते, कारण दुसऱ्या माणसावरची आपली पकड त्यांनी सोडली. संपत्तीची दोन रूपे या दोन प्रसंगांतून वेगळी होतात: एक उपभोगाचे, ज्यात धान्य, वस्त्र आणि घर येते, आणि दुसरे पकडीचे, ज्यात माणसे येतात. खरे दान पकड सोडवते. आणि ज्या देण्यातून घेणाऱ्यावर पकड निर्माण होते ते, त्याला कोणतेही नाव दिले तरी, ऋणच असते. घेणारा जर राज्यकर्ता असेल तर ते ऋण त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. त्याची फेड सार्वजनिक जमिनीतून, सार्वजनिक तिजोरीतून आणि सार्वजनिक निर्णयातून होते, म्हणजे ज्यांनी काहीच घेतलेले नाही त्यांच्याकडून ती वसूल केली जाते.

महाभारतातील राजधर्माच्या चर्चेत 'मत्स्यन्याय' ही संज्ञा येते. पाण्यात मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसे समाजात घडू नये म्हणून राजा आणि त्याचा दंड, म्हणजे शिक्षेचा अधिकार, निर्माण झाला, असा तो विचार आहे. राज्यसंस्थेचे हे समर्थन मान्य केले तर तिची पहिली पात्रता अशी ठरते की, तिने मोठ्या माशापासून स्वतंत्र असले पाहिजे. ज्या दंडधाऱ्याचा निर्वाह आणि पुढची निवडणूक मोठ्या माशाच्या देणगीवर अवलंबून आहे, त्याच्या हातात दंड असूनही मत्स्यन्याय चालूच राहतो. फरक एवढाच की आता तो कायद्याच्या नावाने चालतो. चार पुरुषार्थांच्या मांडणीतही अर्थाला धर्माच्या मर्यादेत ठेवलेले आहे, आणि ती मर्यादा राखण्याचे काम ज्या राज्याकडे आहे, त्या राज्यालाच अर्थाने विकत घेतले तर मर्यादा राखणारा कोणीच उरत नाही.

लोकशाहीत हा धोका अधिक गंभीर होतो, कारण लोकशाहीचे नैतिक अधिष्ठान मताच्या समान मूल्यावर उभे असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, २६ जानेवारी १९५० पासून भारत एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहे, असा इशारा दिला होता: राजकारणात प्रत्येक माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र माणसांच्या मूल्याची समानता नाकारलेली, आणि ही विसंगती फार काळ टिकवली तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील. या इशाऱ्यात एक आशाही गृहीत होती, ती अशी की, समान मताच्या बळावर विषम अर्थव्यवस्था हळूहळू सुधारता येईल. राजकीय समता हे आर्थिक विषमतेवरचे औषध होते. पैसा जर राजकीय निर्णयांवर मतापेक्षा अधिक प्रभाव टाकू लागला, तर रोगच औषधात मिसळतो आणि विषमता स्वतःला सुधारण्याचे साधनच निकामी करते. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ मध्ये भारतातील सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि राष्ट्रीय संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. रोख्यांच्या विक्रीतही हेच चित्र उमटलेले होते: २०१८ ते २०२४ या काळात सोळा हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे रोखे विकले गेले आणि त्या मूल्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एक कोटी रुपयांच्या रोख्यांचा होता. शेतमजूर किंवा शिक्षक एक कोटीचा रोखा घेत नाही.

हा धोका फार पूर्वी ओळखला गेला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छगला यांनी तत्कालीन कायद्यानुसार परवानगी नाकारता येत नाही हे मान्य केले. पण त्याच निकालात त्यांनी, कंपन्यांच्या देणग्यांतून लोकशाहीचा गळा आवळला जाण्याचा धोका संसदेच्या नजरेस आणून दिला. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती मर्यादेसह उठवली गेली, आणि २०१७ मध्ये मर्यादाही गेली.

बौद्ध परंपरेने विषमता आणि राज्यकर्त्याचे कर्तव्य यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे सांगितला आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राज्याच्या ऱ्हासाची साखळी वर्णिलेली आहे: राजाने निर्धनांना धन पुरवले नाही, त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य वाढत गेले. याच निकायातील कूटदंत सुत्तात राज्यातील उपद्रव शिक्षेने थांबत नाही, म्हणून शेतकऱ्यांना बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि राजसेवकांना वेतन द्यावे, असा सल्ला दिलेला आहे. या दोन्ही सुत्तांमध्ये दानाचा प्रवाह राज्याकडून दुर्बळाकडे वाहतो, आणि चोरीचे मूळ चोराच्या स्वभावाऐवजी राज्याच्या कर्तव्यच्युतीत शोधलेले आहे. राजकीय देणग्यांच्या व्यवस्थेत प्रवाह सबळाकडून राज्यकर्त्याकडे वाहू लागतो, आणि राज्याची नजर त्याच दिशेला वळलेली राहते.

या प्रश्नावर आधुनिक भारतात दोन उत्तरे दिली गेली. महात्मा गांधींनी विश्वस्ताची कल्पना मांडली: धनवंताने आपली संपत्ती समाजाची आहे असे मानून तिचा विश्वस्त म्हणून सांभाळ करावा. गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ आपल्याला इंग्रजी कायद्यातील विश्वस्ताच्या संकल्पनेमुळे उलगडला, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे शंभर एकरांच्या पहिल्या दानापासून भूदानाची चळवळ सुरू केली तेव्हा, दान म्हणजे भीक नव्हे, दान म्हणजे योग्य वाटणी, हा शंकराचार्यांचा अर्थ त्यांनी पुढे ठेवला. आंबेडकरांना हा मार्ग अपुरा वाटला. ज्याच्या हाती पकड आहे त्याच्या सदिच्छेवर दुर्बळाचे भवितव्य सोपवणे त्यांना मान्य नव्हते, आणि म्हणूनच १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी प्रमुख उद्योग आणि शेतीची मालकी राज्याकडे असावी ही तरतूद थेट संविधानात घालण्याची सूचना केली. उपजीविकेसाठी माणसाला आपले हक्क दुसऱ्याच्या हाती सोडावे लागत असतील तर ते हक्क कागदावरच राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या दोन विचारांतील अंतर मोठे असले तरी गुप्त देणगीच्या प्रश्नावर दोघांची साक्ष एकच येते. विश्वस्ताचे पहिले कर्तव्य हिशेब देणे हे आहे. ज्यांच्यासाठी मालमत्ता सांभाळायची त्यांच्यापासून व्यवहार लपवणारा विश्वस्त कोणत्याही न्यायालयात विश्वस्त ठरत नाही. कंपनीचा पैसा तर संचालकांचा नसतोच, तो भागधारकांचा असतो. तेव्हा भागधारकांना न सांगता दिलेली राजकीय देणगी गांधींच्या कसोटीवर अपहाराच्या जवळ जाते, आणि आंबेडकरांच्या कसोटीवर मताच्या समान मूल्यावरचा घाला ठरते.

रोख्यांच्या योजनेच्या बाजूने मांडला गेलेला एक युक्तिवाद मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. देणगीदाराचे नाव उघड झाले तर विरोधी पक्षाला मदत करणाऱ्याला सत्ताधाऱ्यांचा रोष सोसावा लागेल, म्हणून गुप्तता हवी, असे सांगितले गेले. या भीतीत तथ्य आहे, आणि न्यायालयानेही राजकीय मत व्यक्त करणाऱ्या देणगीला खासगीपणाचे संरक्षण असू शकते हे मान्य केले. धोरणावर प्रभाव टाकण्यासाठी दिलेल्या देणगीला मात्र ते संरक्षण मिळत नाही, असा भेद त्याने केला. हा भेद गुप्तदानाच्या तत्त्वाशी पूर्णपणे जुळतो. आपल्या मिळकतीतून काहीशे रुपये आवडत्या पक्षाला देणारा कामगार हा दुर्बळ आहे आणि त्याचे नाव झाकणे हे दुर्बळाचे रक्षण आहे. कोट्यवधींची देणगी देणारी कंपनी सबळ आहे, आणि तिचे नाव झाकले तर सबळाला दुर्बळाच्या प्रश्नांपासून संरक्षण मिळते. गुप्तता चांगली की वाईट, हे ती कोणाला कोणापासून झाकते यावर ठरते.

तथापि, नाव उघड झाले म्हणजे प्रश्न सुटला असेही मानता येत नाही. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने रोख्यांचा तपशील प्रसिद्ध केला, लोकांना तो वाचता आला, परंतु मोठ्या देणग्या कायदेशीर मार्गाने देण्याची वाट खुलीच आहे. निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे, मोठ्या राज्यांतील लोकसभा मतदारसंघासाठी २०२२ पासून ती ९५ लाख रुपये आहे, पण पक्षाच्या एकूण खर्चावर कोणतीही मर्यादा नाही; त्यामुळे ज्याच्याकडे अधिक पैसा, त्याचा आवाज अधिक दूर पोहोचतो, ही स्थिती कायम राहते. १९९८ मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने मान्यताप्राप्त पक्षांना सरकारने काही प्रमाणात वस्तुरूपाने साहाय्य द्यावे, अशी शिफारस केली होती. त्या दिशेने, पक्षखर्चाच्या मर्यादेच्या दिशेने आणि लहान देणग्यांवर पक्ष चालवण्याच्या दिशेने पावले पडल्याशिवाय राज्यकर्त्यांचे ऋण फिटणार नाही. प्रकटीकरण ही पहिली पायरी आहे, कारण रोग दिसल्याशिवाय उपचार होत नाही. उपचार त्यानंतर सुरू होतो.

दानधर्म मानणाऱ्या समाजावर या बाबतीत विशेष जबाबदारी येते. ज्या परंपरेने देय वस्तू न्यायाने मिळवलेली असावी, घेणारा पात्र असावा आणि देताना परतफेडीची इच्छा नसावी असे शतकानुशतके सांगितले, तिच्या अनुयायांनी दानाचे पवित्र नाव अशा देवघेवीला वापरू देता कामा नये, जिची फेड गरिबांच्या हक्काच्या वस्तूंतून होते. दुर्बळाला देताना नाव झाकावे आणि सत्तेला देताना ते उघडे ठेवावे. आणि सत्तेला देण्याचे प्रमाण इतके लहान असावे की त्यातून कोणाचीही पकड निर्माण होऊ नये. मतदान केंद्रात शेतमजूर आणि उद्योगपती एकाच रांगेत उभे राहतात. निकाल लागल्यानंतरच्या पाच वर्षांतही ती रांग मोडू न देणे, हाच संपत्तीला लावायच्या धर्ममर्यादेचा आज खरा अर्थ आहे.